शिशाचे सोने आणि चुंबकाची सुई

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात भामरागड येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)





विज्ञानातील एखादा नवा विषय घ्या, पण तो घरातल्या वडीलधाऱ्यांनाही समजेल असा सांगा, अशी चिटणीस साहेबांची आज्ञा होती. मी विषय निवडला तो ऐकून ते थोडे गंभीर झाले. जड अणुकेंद्रांच्या टकरी, त्यांत उत्पन्न होणारे चुंबकीय क्षेत्र आणि त्यांतून बाहेर पडणारे कण, असा तो विषय आहे. "भामरागडला हे कोण ऐकणार?" असे ते म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होते. माझे म्हणणे असे की भामरागडलाच हे ऐकले पाहिजे. का, ते शेवटी सांगेन. आज जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे. तेव्हा वाचकहो, तुम्हीही या मांडवात बसला आहात असे समजा.

सुरुवात सोन्यापासून करतो, म्हणजे सर्वांचे लक्ष लागेल.

आपल्या मराठीत "किमया" हा शब्द आहे. तो अरबी "कीमिया" या शब्दावरून आला. केमिस्ट्री या शब्दाचे मूळही तिथेच जाते. हलक्या धातूचे सोने करावे या एका ध्यासापायी कित्येक शतके माणसांनी भट्ट्या पेटवल्या. सोने झाले नाही. पण त्या खटपटीत ऊर्ध्वपातन, आम्ले, क्षार यांचे ज्ञान वाढले आणि रसायनशास्त्राचा पाया घातला गेला. शिशाचे सोने भट्टीत का होत नाही, हे आज दहावीचा विद्यार्थीही सांगू शकेल. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात, सोन्याच्या अणुकेंद्रात ७९. शिशातून बरोबर तीन प्रोटॉन बाहेर काढले तरच सोने व्हायचे. भट्टीची आग अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोचते. केंद्रापर्यंत तिचा हात पोचत नाही.

आणि तरीही २०२५ च्या मे महिन्यात जिनेव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतील "ॲलिस" नावाच्या प्रयोगाने जाहीर केले, की आमच्या यंत्रात शिशाचे सोने होते आहे आणि ते आम्ही मोजले आहे. २०१५ ते २०१८ या काळात तेथील चारही मोठ्या प्रयोगांच्या ठिकाणी मिळून सोन्याची सुमारे ८,६०० कोटी अणुकेंद्रे तयार झाली. भगिनींनो, आकडा ऐकून बांगड्यांचा हिशोब करू नका! एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतले फक्त २९ भाग इतकेच त्या सगळ्या सोन्याचे वजन. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणही त्यापेक्षा भारी असेल. शिवाय ते सोने जन्मल्यावर सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या आसपासच टिकले, कारण यंत्राच्या नळीवर आदळून त्याचे लगेच तुकडे झाले. सराफाला भिण्याचे कारण नाही. पण हे झाले कसे, ते मात्र जाणून घेण्यासारखे आहे. कारण यात शिशाला कोणी हातही लावला नव्हता.

सर्नमध्ये जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचे एक वर्तुळाकार यंत्र आहे. त्यात शिशाची अणुकेंद्रे दोन विरुद्ध दिशांनी, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात. प्रकाशाचा वेग शंभर धरला तर यांचा ९९.९९९९९३. काही केंद्रे समोरासमोर आदळतात, काही एका अंगाने आदळतात आणि पुष्कळशी एकमेकांना न लागता शेजारून निघून जातात. सोने होते ते या न लागलेल्या टकरीत.

आता आलापल्लीहून भामरागडकडे येणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. तुम्ही सायकलीवरून येत आहात आणि समोरून भरधाव ट्रक अगदी जवळून जातो. ट्रकचा स्पर्श होत नाही. पण त्याच्या वाऱ्याने डोक्यावरची टोपी उडते, ओढणी सुटते, सायकल डगमगते. धावत्या अणुकेंद्राभोवतीही असेच काही असते. तो वारा नसतो. ते विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्र असते. वेगामुळे हे क्षेत्र पोळीसारखे चपटे आणि अतिशय तीव्र होते. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या केंद्राला त्याचा असा हिसका बसतो की त्यातून न्यूट्रॉन आणि प्रोटॉन बाहेर फेकले जातात. एक प्रोटॉन गेला तर शिशाचे थॅलियम होते, दोन गेले तर पारा, तीन गेले तर सोने. बाहेर पडलेले हे कण नळीच्या रेषेतच पुढे जातात. दूरवर बसवलेल्या उपकरणांनी ते मोजले आणि त्यावरून सोन्याचा हिशोब लागला. वेगात जाणाऱ्या विद्युत्‌भाराभोवती चुंबकत्व असते, या एका गोष्टीवर हा सारा प्रकार उभा आहे.

ही गोष्ट माणसाला कधी कळली? १८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड नावाच्या प्राध्यापकाने तारेतून वीज सोडली आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली. तोवर वीज वेगळी आणि चुंबक वेगळा असे लोक मानत. त्या दिवसापासून कळले की वीज वाहते, म्हणजे विद्युत्‌भार चालतो, आणि भार चालला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते.

होकायंत्राला आपल्या घरात कुतुबनुमा म्हणतात. पुष्कळांच्या आजोबांजवळ किबल्याची दिशा पाहण्यासाठी ती छोटी डबी असे. भामरागडहून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. त्या डबीतल्या सुईला वळवणारे पृथ्वीचे क्षेत्र किती असते? चुंबकीय क्षेत्र टेस्ला या मापाने मोजतात. आपल्या भागात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ०.००००४ टेस्ला आहे. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत ज्या एमआरआय यंत्रात रुग्णाला झोपवतात, त्याचे क्षेत्र बहुधा दीड किंवा तीन टेस्ला असते. सर्नच्या यंत्रातील केंद्रांना वळवणारे प्रचंड चुंबक आठ टेस्लांच्या थोडे वर आहेत.

आता दोन जड केंद्रे एका अंगाने आदळतात तेव्हा काय होते ते पाहा. दोघांवरही धनभार आहे आणि दोघे उलट दिशांना धावत आहेत. म्हणजे शेजारशेजारच्या दोन तारांतून वीज उलटसुलट वाहते आहे, असे समजा. अशा वेळी दोन तारांच्या मधल्या जागेत दोघींची क्षेत्रे एकमेकांना मारत नाहीत, तर मिळतात. टक्कर अगदी समोरासमोर झाली तर मध्यभागी ती एकमेकांना छेद देतात. पण टक्कर थोडी बाजूने झाली की मधल्या जागेत क्षेत्र उसळते. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन येथे २००० साली सुरू झालेल्या यंत्रात सोन्याची केंद्रे आदळवली गेली. तेथील टकरींत हे क्षेत्र एकावर चौदा शून्ये इतके टेस्ला होते, असे गणित निघाले. कोटीला कोटीने गुणा, तेवढे. सर्नमध्ये त्याच्याही दहापट. आकाशातले मॅग्नेटार नावाचे तारे अत्यंत चुंबकीय म्हणून प्रसिद्ध आहेत, पण त्यांचे क्षेत्रही याच्या हजारपटीने कमी भरते. मात्र हे टिकते किती? एका सेकंदाचे कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा कोटी, त्यातल्या एकाचे आणखी कोटी, आणि त्याचे वर शंभर. एवढ्या वेळात सगळा खेळ आटोपतो.

तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवे, की जे इतक्या थोड्या वेळात संपते ते कोणी पाहिले? त्याजवळ सुई कोणी धरली?

सुई कोणी धरू शकत नाही. तेथे सुईचे काम बाहेर उडालेले कणच करतात. टक्कर झाली की प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वितळून त्यांच्या आतले क्वार्क मोकळे होतात आणि एक विलक्षण तप्त रस तयार होतो. ब्रुकहेवन येथील "फिनिक्स" प्रयोगाने २०१० साली त्याचे तापमान जाहीर केले, सुमारे चार लाख कोटी अंश. सूर्याच्या केंद्राच्या जवळजवळ अडीच लाख पट. तेथे थर्मामीटर लावला नव्हता. आपला लोहार तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून ते घणाखाली घ्यायचे की नाही ते ठरवतो ना, त्याच न्यायाने त्या रसातून बाहेर पडलेल्या प्रकाशकणांवरून तापमान काढले. या फिनिक्स प्रयोगात आपल्या मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ सहभागी होते.

हा रस थंड होताना हजारो कण चहूकडे उडतात. कोणत्या दिशेला धनभारित जास्त, कोणत्या दिशेला ऋणभारित, याची नोंद ठेवली की आत काय घडले याचा माग लागतो. जंगलातला जाणता माणूस पावलांच्या ठशांवरून कोणते जनावर, किती वेळापूर्वी, कोणीकडे गेले ते सांगतो. माडिया बांधवांना ही विद्या कोणत्याही पुस्तकावाचून येते. कणांच्या शास्त्रातही जनावर दिसत नाही, ठसे दिसतात.

तुमच्या गावच्या संगमाचाच दाखला घ्या. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा येथे मिळतात. दोन धारा तिरप्या येऊन भिडल्या की पाण्यात भोवरे पडतात, हे मुलांनाही माहीत आहे. एका अंगाने झालेल्या टकरीतल्या रसातही असाच भोवरा असतो. ब्रुकहेवनच्याच "स्टार" प्रयोगाने २०१७ साली तो दाखवून दिला. लॅम्डा नावाचे कण त्या रसातून भोवऱ्यासारखे एकाच बाजूला फिरत बाहेर पडतात, आणि ते फुटताना त्यांतला प्रोटॉन कोणत्या दिशेला उडतो त्यावरून त्यांचे फिरणे कळते. तोवर मोजलेल्या कोणत्याही प्रवाही पदार्थात इतका वेगवान भोवरा आढळला नव्हता.

आता चुंबकीय क्षेत्राच्या ठशाची गोष्ट, आणि माझ्या मते आजच्या भाषणातला हाच महत्त्वाचा भाग.

काही शास्त्रज्ञांनी गणित करून सांगितले, की या प्रचंड क्षेत्रामुळे धनभारित कण क्षेत्राच्या एका टोकाकडे आणि ऋणभारित दुसऱ्या टोकाकडे वेगळे होतील. तसे झाले असते तर निसर्गाच्या एका खोल नियमाचा उलगडा झाला असता. सुरुवातीच्या मोजमापांत तसे चिन्हही दिसले. पण दुसऱ्या कारणांनीही तसे चिन्ह उमटू शकते, हे लक्षात आले. मग करायचे काय?

त्यांनी एक नामी युक्ती योजली. रुथेनियम आणि झिर्कोनियम या दोन धातूंची अशी केंद्रे घेतली की दोन्हींत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ९६ कणच होते. म्हणजे आकार जवळपास सारखा. पण रुथेनियममध्ये प्रोटॉन ४४ आणि झिर्कोनियममध्ये ४०. प्रोटॉन जास्त म्हणजे भार जास्त, आणि भार जास्त म्हणजे चुंबकीय क्षेत्र जास्त. तेव्हा कण वेगळे होण्याचे कारण खरोखर चुंबकीय क्षेत्र असेल, तर रुथेनियमच्या टकरींत ते अधिक दिसले पाहिजे. २०१८ साली या टकरी झाल्या. यंत्रात कधी एक धातू, कधी दुसरा, असे आलटून पालटून वापरले, म्हणजे यंत्राच्या बिघाडाचा दोष एकाच्याच माथी येऊ नये.

आणि याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मोजमाप तपासणाऱ्यांपासून हे लपवून ठेवले की समोरची नोंद कोणत्या धातूची आहे. जणू डोळ्यांवर पट्टी बांधली. कोणती कसोटी लागली तर "होय" म्हणायचे, हे आधीच लिहून ठेवले. पाच वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे काम केले. शेवटी पट्टी सोडली आणि २०२१ साली निकाल जाहीर झाला: आधी ठरवलेल्या कसोटीप्रमाणे ते चिन्ह सापडले नाही.

विचार करा. कित्येक वर्षांची मेहनत, शेकडो माणसांचे कष्ट, आणि उत्तर हवे होते त्याच्या उलट आले. त्यांनी ते लपवले नाही, खाडाखोड केली नाही. जे आले ते जगासमोर ठेवले.

मग चुंबकीय क्षेत्राचा ठसा मिळालाच नाही काय? मिळाला, पण दुसऱ्या वाटेने. १८३१ साली फॅरडेने शोधले होते की चुंबकीय क्षेत्र बदलले की वीज उत्पन्न होते. जुन्या सायकलींना चाकाला घासून फिरणारा डायनॅमो असे. त्याच्यातली चिमणी याच नियमाने पेटे. टकरीनंतर केंद्रांचे उरलेले तुकडे दूर पळतात, क्षेत्र झपाट्याने ओसरते आणि त्या तप्त रसात क्षणभर वीज वाहते. तिच्यामुळे धनभारित आणि ऋणभारित कणांच्या बाजूला वळण्यात बारीकसा फरक पडला पाहिजे. स्टार प्रयोगाने तो फरक मोजला आणि २०२४ साली प्रसिद्ध केला. फॅरडे कोण होता? लोहाराचा मुलगा. शाळा थोडीच झाली. पुस्तके बांधणाऱ्या कारागिराकडे तो कामाला राहिला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. त्याने सांगितलेला नियम जवळजवळ दोनशे वर्षांनी सोन्याच्या केंद्रांच्या टकरीत खरा ठरला.

पालकहो, हे सारे परदेशात चालते, आपला त्याच्याशी संबंध काय, असे वाटेल. संबंध आहे. ॲलिस प्रयोगात म्युऑन नावाच्या कणांचा माग घेणारी उपकरणे बनवण्यात कलकत्त्याच्या साहा संस्थेबरोबर अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा वाटा आहे. कलकत्ता, भुवनेश्वर, चंदीगड, जयपूर, जम्मू येथील संस्थांनी मिळून प्रकाशकण मोजणारे उपकरण त्याच प्रयोगासाठी केले. मुंबईची आयआयटीही ॲलिसमध्ये आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १४० लक्ष व्होल्टचे पेलेट्रॉन नावाचे यंत्र आहे. तेथील टकरी सर्नच्या मानाने पुष्कळ मंद असतात. पण आदळलेल्या केंद्रांतून न्यूट्रॉन, अल्फा कण आणि गॅमा किरण कसे बाहेर पडतात याचा अभ्यास तेथे १९८९ च्या सुमारापासून होत आला आहे.

आणि चुंबकाच्या सुईची राखण तर आपल्या महाराष्ट्रात फार जुनी आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेले मोठे चुंबकीय वादळ तेथे नोंदले गेले, आणि आजही जगातले शास्त्रज्ञ त्या नोंदीकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने सुया बिघडणार! तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. तिच्या मोजमापाच्या इमारतीत लोखंड वापरले नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. दोन्ही ठिकाणच्या नोंदी १९०६ पर्यंत एकाच वेळी चालू ठेवल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. सुईला खरे बोलता यावे म्हणून एवढी काळजी!

या ठिकाणी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. महाविद्यालयात असताना आम्हाला टँजंट गॅल्व्हानोमीटरचा प्रयोग असे. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडायची आणि मधली सुई किती अंश वळते ते वाचायचे. ओर्स्टेडचाच प्रयोग, पण आकड्यांचा. परीक्षेच्या दिवशी माझी सुई पुस्तकातल्या उत्तराशी जुळेना. मी घाबरलो आणि उत्तर जुळेल असे आकडे वहीत लिहून टाकले. गुरुजी आले. त्यांनी वही पाहिली, सुई पाहिली आणि टेबलाच्या खणात हात घातला. आत किल्ल्यांचा लोखंडी जुडगा होता. ते म्हणाले, "तुझी सुई खरेच सांगत होती, की इथे लोखंड आहे. खोटे तू लिहिलेस. आकडे जसे आले तसे लिहिले असतेस, तर हा जुडगा तुझा तुलाच सापडला असता." त्या प्रयोगाचे गुण मला मिळाले नाहीत, आणि न मिळाले हेच बरे झाले.

बंधू-भगिनींनो, दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या खिडकीखाली चिठ्ठ्या घेऊन उभी असलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांत परके कमी असतात. कोणाचा भाऊ असतो, कोणाचे मामू, कोणाचे अब्बाही असतात. ते प्रेमापोटीच उभे असतात, हे मी जाणतो. पण त्या चिठ्ठीने आपण मुलाच्या खणात लोखंडाचा जुडगा ठेवत असतो. त्याला काय येते आणि काय येत नाही हे सांगणारी सुईच आपण बिघडवून टाकतो. मग पुढे अकरावीत गाडी अडली की म्हणतो, विज्ञान आपल्या मुलांना झेपत नाही. झेपत नाही असे नाही. कोठे अडले ते कळलेच नाही, असे आहे. पंचेचाळीस टक्के खरे असतील तर त्यांवर साठ उभे राहतात. उसने ऐंशी टक्के पहिल्याच पावसात वाहून जातात.

दुसरी गोष्ट मुलींची. दहावीनंतर विज्ञान शिकायचे तर भामरागडच्या मुलीला पुष्कळदा घर सोडून अहेरी, गडचिरोली, चंद्रपूर येथे राहावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की दिवसेंदिवस वाट बंद. अम्मीच्या जिवाला घोर लागतो. मी त्या काळजीला हसणार नाही. पण एवढे विचारतो, की मुलाच्या वेळी हीच नदी लहान कशी होते? शेजारच्या हेमलकसाकडे पाहा. १९७३ साली बाबा आमट्यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले आणि १९७६ साली शाळा सुरू झाली. तेव्हा ना धड रस्ता होता, ना वीज. त्या शाळेतून शिकून या जंगलातली मुले-मुली पुढे गेली. नदी तेव्हाही हीच होती. संस्थेने मुलींच्या वसतिगृहाची आणि सोबतीची सोय करावी, पालकांनी जूनमध्ये नाव काढून घेऊ नये. दोघांनी अर्धे अर्धे ओझे उचलले तर वाट निघते.

१९७९ साली नोबेल पारितोषिक मिळालेले डॉ. अब्दुस सलाम यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. वीज-चुंबकत्व आणि अणुकेंद्रातले क्षीण बल ही एकाच मुळाची दोन रूपे आहेत, हे दाखवणाऱ्या तिघांपैकी ते एक. ते झंगसारख्या लहान शहरात वाढले. त्यांचे वडील शिक्षण खात्यात नोकरीला होते. मोठ्या शोधाला मोठे शहर लागतेच असे नाही. घरात शिक्षणाची कदर मात्र लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक काम देऊन जातो. शिवणाची सुई घ्या. चुंबकाच्या एकाच टोकाने, एकाच दिशेने, चाळीस-पन्नास वेळा घासा. ताटलीत पाणी घेऊन त्यावर लहानसे पान तरंगत ठेवा आणि त्यावर सुई. ती हळूहळू वळून उत्तर-दक्षिण स्थिर होईल. मग बॅटरीच्या एका सेलला तार जोडून ती तार सुईजवळ धरा. तार क्षणभरच जोडा, ती तापते. आणि घरातल्या विजेच्या खटक्याला हात लावू नका. सुई हलली की समजा, तुम्ही १८२० सालचा प्रयोग केला. जवळ विळा किंवा कुऱ्हाड ठेवून पाहा, सुई काय म्हणते. जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहा. पुस्तकाशी जुळले नाही तर खोडू नका. का जुळले नाही ते शोधा. घरी उर्दू, शाळेत मराठी, बाजारात माडिया आणि तेलुगू बोलणाऱ्या तुम्हा मुलांना आणखी एक भाषा शिकणे जड नाही. ही भाषा सुईची आहे, आणि ती गावागावात बदलत नाही.

भामरागडलाच हे का सांगायचे, ते आता ध्यानात आले असेल. सर्नमधली ८२ प्रोटॉनांची केंद्रे आणि तुमच्या ताटलीतली सुई एकच नियम पाळतात. तो नियम शिकायला २७ किलोमीटरचे यंत्र लागत नाही. एक सुई, एक वही आणि आलेला आकडा तसाच लिहिण्याची हिंमत लागते. सुई आणि वही पालकांनी द्यावी, हिंमत शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.



खुदा हाफिज. जय हिंद.